दारात वाळत घातलेला फोटो

बेलापुरात कोण गेलं, हे कळायला त्या काळी माझ्या दुकानावरून एक चक्कर मारली तरी पुरत असे. बाजारपेठेच्या तोंडाशी, भुसार दुकानाला लागून माझी पत्र्याची खोली होती. दाराच्या चौकटीवर, बाहेरच्या अंगाला, दोन मोठे खिळे ठोकलेले होते. एखादा फोटो रंगवून झाला की मी तो त्या खिळ्यांवर वाळत लावायचो. आत पत्र्याखाली हवा खेळत नसे, तैलरंग किती तरी दिवस चिकट राहत. दारात वारा लागे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कामही दिसे.

फोटो म्हणजे हाताने रंगवलेलं चित्रच. पण चित्र हा शब्द माझ्या गिऱ्हाइकांनी कधी वापरला नाही. घरातलं माणूस गेलं की दहाव्याच्या आगेमागे कुणीतरी माझ्याकडे येई. हातात एखाद्या लग्नातला जुना ग्रुप फोटो असे, त्यात मागच्या रांगेत कुणाच्या तरी खांद्याआडून दिसणारा नखाएवढा चेहरा. "हे आमचे वडील. मोठे करून द्या." त्या नखावर मी पेन्सिलीने बारीक चौकोन आखायचो, तेवढेच चौकोन सरस-खडू लावून ताणलेल्या मांजरपाटाच्या कापडावर आखायचो, आणि एकेक चौकोन इकडून तिकडे उतरवत जायचो. चेहरा कसाबसा साधे. अंगावर काय घालायचं हा प्रश्नच नव्हता. कोट घालायचा. ज्याने जन्मभर बंडीशिवाय काही घातलं नाही त्यालाही कोट, वरच्या खिशाला पेन, आणि रंग दोन हात उजळ. "जरा गोरे करा बरं का," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे माणूस तोंड उघडायच्या आधीच मी पांढऱ्याची ट्यूब पिळून ठेवायचो.

तो कोट माझा होता. दुकानात आतल्या खुंटीला टांगलेला असे. काळा, रुंद कॉलरचा. मी बी.ए. झालो तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाजारातल्या शिंप्याकडून शिवून घेतला होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. नगरच्या कॉलेजात मला फी माफ झाली, बोर्डिंगात दोन वेळचं जेवण मिळालं, हायस्कूलच्या ड्रॉईंगच्या मास्तरांनी स्वतःचे ब्रश मला दिले. या सगळ्यांचे उपकार मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. अण्णांना वाटलं, एवढं शिकला, आता साहेब होणार, साहेबाला कोट लागतो. तो कोट घालून मी ड्रॉईंग मास्तरच्या मुलाखतींना जाऊन आलो. जागा आधीच भरलेल्या असत. मला चहा मिळे आणि "कळवू" हा शब्द मिळे. कोट परत खुंटीला येई. शेवटी बाजारात पत्र्याची खोली घेतली, कोट तिथे नेऊन टांगला, आणि त्याच्याकडे बघून मेलेल्या माणसांना कोट घालायला लागलो. आजही बेलापूरच्या आसपासच्या घरांत भिंतीवर जे वडीलधारे बसलेत, त्यातल्या पुष्कळांच्या अंगावर माझ्या मुलाखतीचा कोट आहे.

गाव मला "बीए पेंटर" म्हणे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी शोधत बसलो नाही. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीवरचे नंबर, कुटुंब नियोजनाचे लाल त्रिकोण, निवडणुकीत भिंती, दुष्काळ पडला तेव्हा दुष्काळी कामांचे पत्र्याचे फलक, जे येईल ते करत होतो. कॉलेजच्या वाचनालयात मी चित्रकारांवरची जाड पुस्तकं पाहिली होती. त्यातली माणसं कोटाशिवाय होती आणि गोरीही नव्हती. तसं एखादं तरी माणूस आपल्या हातून उतरावं असं मला वाटे. पण माझ्यासमोर जिवंत माणूस कधी बसलंच नाही. जिवंत माणसाला फोटोची काय गरज?

लोक दारातल्या फोटोकडे कधी चित्र म्हणून बघत नसत. चालता चालता थांबायचे, वहाणा काढायच्या, हात जोडायचे, "अरेरे" म्हणायचं आणि पुढे जायचं. हारफुलं विकणारी एक म्हातारी रोज घरी जाताना चौकटीत उरलंसुरलं झेंडूचं फूल खोचून जायची. नाक बरोबर आलंय का, डोळ्यांत काही आहे का, हे कुणी पाहिलं नाही. दारात कोण आहे, तेवढंच पाहिलं.

दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात एक दिवस अण्णा दुकानात आले. खोकला त्यांना बरेच दिवस होता. बाकावर बसले, खुंटीच्या कोटाकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "माजा फोटू काढ."

मी म्हणालो, "कशाला?"

"कशाला म्हंजे? मी गेल्यावर कशावरनं काढशील? माजा कुठल्या लग्नात फोटू हाय?"

खरंच नव्हता.

"तुज्या आईचा बी न्हाई. तुला तिचं तोंड आठवतं का?"

"नाही." ती गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. मला वाढवलं ते माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने.

"मला बी आता धड आठवत न्हाई," अण्णा म्हणाले. "लुगड्याचा रंग आठवतो. तोंड न्हाई आठवत." मग एकदम उठून त्यांनी कोट खुंटीवरून काढला आणि बंडीवर चढवला. "बटनं लावू का उघडी ठिवू?"

मला त्यांना कोटाशिवाय बसवायचं होतं. मी तसं म्हणून पाहिलं. बंडी, उघडी मान, खांद्यावर घोंगडं, जसे ते रोज दिसतात तसे. त्यांना ते अपमानासारखं लागलं.

"साऱ्या गावाला कोट घातलास. बापालाच उघडा बसिवतो व्हय?"

"बरं, कोट राहू दे. पण पेन नको."

"का? मला लिवता येत न्हाई म्हनून? ज्यांना ज्यांना तू पेन लावलेत त्यांना तरी कुठं येत हुतं?"

मी माझा पेन काढून त्यांच्या खिशाला लावला.

त्यानंतरच्या काही सकाळी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळी होत्या, हे मला सांगितलं पाहिजे, कारण बाकी सांगण्यासारखं चांगलं फारसं नाही. अण्णा बाकावर बसत, मी समोर. चौकोन आखायचे नव्हते. चेहरा हलत होता, खोकत होता, मधेच "झालं का?" म्हणत होता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूचा पांढुरका ठिपका होता, तो मी घेतला. कपाळावर लहानपणी लागलेल्या विळ्याचा व्रण होता, तो घेतला. रंग उन्हाने जळलेला होता, तसाच ठेवला. पांढऱ्याच्या ट्यूबला हातही लावला नाही. पूर्ण झाल्यावर अण्णांनी चित्र लांबून पाहिलं, जवळून पाहिलं.

"लई काळा केलास."

"तुम्ही आहात तसे केलेत."

"मी हाय तसा मला ठावं हाय. पुढच्यांना बरं दिसाया पायजे." थोड्या वेळाने म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता सारवू नको. डोळा मातर माजाच हाय."

एवढं कौतुक मला त्यानंतर कुणाकडून मिळालं नाही.

मग मी तो फोटो उचलला आणि रोजच्या हाताने दारातल्या खिळ्यांवर लावला. काळा रंग सगळ्यात उशिरा वाळतो. चेहरा हाताला लागेनासा झाला तरी कोट ओलाच होता. गावातल्या लोकांना अण्णा ठाऊक होते, त्यांनी थट्टा केली. भुसार दुकानदार म्हणाला, "काय बीए पेंटर, अॅडव्हान्समधी काढला का म्हातारा?" अण्णा बाजारात आले की लोक त्यांना नमस्कार करून विचारत, "कवा आलात वरनं?" अण्णाही हसत. हारवाल्या म्हातारीला मात्र कुणी सांगितलं नसावं. संध्याकाळी चौकटीत झेंडू होताच.

आक्का पारनेर तालुक्यातल्या एका कोरड्या गावात दिलेली होती. तिकडे दोन पावसाळे काहीच झालं नव्हतं. घरातली सगळी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. जनावरं जगवायला तिकडची माणसं आमच्याकडे कॅनॉलच्या भागात उसाचं वाढं न्यायला ट्रक घेऊन येत. अशाच एका ट्रकबरोबर तिच्या सासरच्या गावचा एक माणूस आला. मी आत पत्र्यावर लाल त्रिकोण भरत होतो. तो दारासमोर थांबला, वहाणा काढल्या, हात जोडले, फुलाकडे बघून मान हलवली आणि निघून गेला. मी पाहिलं. रोज कुणी ना कुणी तसं करायचंच. मला त्याने विचारलं नाही. पुढे तो म्हणाला, "दुःखातल्या मानसाला काय इचारायचं? दारात लावलाय म्हंजे झालंच की." त्याने गावी जाऊन आक्काला सांगितलं, आणि तिचा विश्वास बसेना तेव्हा शपथेवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजाराच्या टोकाकडून बाईच्या रडण्याचा आवाज आला. आवाज कानावर पडताच माझ्या मनात आधी आलं ते हे, की कुणीतरी गेलं, काम येणार. या धंद्याने माझं काय केलं होतं हे त्या एका क्षणात मला कळलं. मग आवाज जवळ आला आणि तो आक्काचा होता.

ती पदर सुटलेला तसाच टाकून सरळ दारावर आली. मागे तिचा दीर, हातात पिशवी. तिने मला पाहिलंच नाही. दोन्ही हात फोटोवर टाकले, कोटाच्या छातीवर, आणि कपाळ चौकटीला लावलं.

"अण्णाऽ, मला कुनाच्या जिवावर टाकून गेलात वंऽ! लेकीची वाट बी न्हाई बघितली वंऽ!"

"आक्का, अगं आक्का, अण्णा घरी आहेत."

तिला ऐकू जात नव्हतं. दीर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाला, "कवा गेले?"

"गेले नाहीत."

"मग ह्यो काय?"

"फोटो."

"फोटूच म्हंतोय मी. कवा गेले?"

तोवर कुणीतरी पळत जाऊन अण्णांना बोलावून आणलं होतं. काठी टेकत ते बाजारातून आले, गर्दी बाजूला केली आणि लेकीच्या मागे उभे राहून म्हणाले, "कोन गेलं गं?"

आक्काने मान वळवली. एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा फोटोकडे, पुन्हा त्यांच्याकडे. मग तिने दोन्ही हातांनी त्यांची बंडी धरली. पांढऱ्या बंडीवर दहा काळी बोटं उमटली. आधी एकजण हसला, मग सगळा बाजार हसला. आक्काही हसायला लागली, रडता रडताच, आणि मग माझ्यावर धावून आली.

"मेल्या, जित्या बापाला खिळ्याला टांगतोस? हेच शिकलास का कालेजात?"

दीर पिशवी खाली ठेवून म्हणाला, "दोघांची हाजरी गेली. मुकादम पुन्यांदा घेतो का न्हाई त्याचा पत्ता न्हाई. आन अजून कुनी पानी बी न्हाई पाजलं."

त्या संध्याकाळी घरी पिठलं-भाकरी झाली. अण्णा इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. पुन्हा पुन्हा आक्काला म्हणत, "म्हन की परत. कुनाच्या जिवावर काय? मला वाटलं हुतं, मी गेल्यावर कोन रडंल, न रडंल. आता आपल्याला घोर न्हाई."

"गप बसा अण्णा," आक्का म्हणाली. "एकदा रडले तेवढं पुरं. आता खरंच गेलात तरी यायची न्हाई मी."

सगळे हसले. मीही हसलो.

पहाटे ती सासरी परत गेली. मी फोटो आत घेतला. कोटाच्या छातीवर आक्काच्या बोटांचे फराटे होते, खालचं कापड दिसेपर्यंत रंग निघाला होता. मी काळा रंग कालवला, तर अण्णांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. लेकीचा हात हाय त्यो."

फोटो तसाच वाळला.

दुसऱ्या वर्षीही पाऊस लांबला. अण्णांचा खोकला वाढत गेला. श्रीरामपूरला नेलं, डॉक्टरांनी औषध दिलं, थोडं बरं वाटलं, पुन्हा पडले. एका सकाळी चहाची कपबशी हातात असतानाच गेले. मी जवळच होतो. कपबशी मी त्यांच्या हातातून काढून घेतली, एवढंच मला नीट आठवतं.

शेजारच्या घरातला एक माणूस पहिल्या एसटीने आक्काकडे गेला. वाटेत एक ट्रक मिळाला म्हणून तो वेळेवर पोचला, ती काम करत होती त्या खडीच्या ढिगापर्यंत. पुढचं त्याने मला सांगितलं, आणि नंतर आक्कानेही सांगितलं, ते सारखंच आहे.

मागच्या खेपेची गोष्ट तिथल्या सगळ्या बायांना पाठ झाली होती. खडी फोडता फोडता आक्काला त्या मुद्दाम सांगायला लावत. ती पण हातवारे करून सांगायची, "फोटूत बी अण्णा, मागं बी अण्णा!" दुष्काळात हसायला तेवढंच होतं. त्यामुळे आमचा शेजारी तिथे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, चल, अण्णा गेले," तेव्हा एक बाई ओरडली, "आगं, तुजा बाप पुन्यांदा गेला गं!" आणि सगळ्या हसल्या.

आक्काही हसली. म्हणाली, "माज्या भावाला सांग, या बारीला दुसऱ्या कुनाला फशीव."

त्याने शपथ घेतली. ती जरा थांबली. हातोडी हातातच होती. तेवढ्यात तिचा दीर म्हणाला, "मागल्या बारीला आपल्या गाववाल्यानं बी शपथच घेतली हुती वयनी. आता हाजरी गेली तर मुकादम नाव काढील." आणि आक्काने पुढचा दगड ओढून घेतला.

इकडे आम्ही वाट बघत होतो. लोक जमले होते, तिरडी बांधून तयार होती. आमच्याकडे लेक आल्याशिवाय उचलत नाहीत, तिने तोंड बघितलं पाहिजे. दुपार झाली. उकाडा असा होता की हारातली फुलं काळी पडली. म्हातारी माणसं म्हणायला लागली, "किती वेळ ठेवायचं?" मी म्हणालो, "येईल ती." एसटी आली. तिच्यातून आमचा शेजारी एकटाच उतरला आणि घराकडे न येता रस्त्याच्या कडेलाच उभा राहिला. मी त्याच्याकडे गेलो. तो माझ्याकडे बघत नव्हता. "खोटं वाटलं तिला," तो म्हणाला. "मी लई सांगितलं."

प्रवरेच्या कोरड्या पात्रात अण्णांना अग्नी दिला. आमच्यात अग्नी देणाऱ्याचं डोकं त्याच दिवशी भादरतात. मी ते भादरून घेतलं. मागे वळून बघायचं नसतं, पण मी रस्त्याकडे बघत होतो.

राख सावडून झाल्यावर मी पारनेरच्या बाजूला निघालो. सुतकात असा प्रवास करायचा नसतो असं लोक म्हणाले. मी म्हटलं, दुसरं कुणी गेलं तर तिला पुन्हा खोटंच वाटणार. तिच्या गावाच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. उन्हात दोन्ही बाजूंना खडीचे ढीग, ढिगामागे बायका, डोक्यावर पदर. त्या कामाच्या सुरुवातीला पत्र्याचा फलक होता. अक्षर माझं नव्हतं, पण तसंच होतं.

मी हाक मारली नाही. लांबून चालत येणाऱ्या माणसाकडे बघावं तसं आक्काने सहज बघितलं. मग तिची नजर माझ्या डोक्यावर गेली. तिने हातोडी खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली.

मी जवळ गेलो.

"कवा?" ती म्हणाली.

"परवा सकाळी."

"म्हंजे तो खरं सांगत हुता."

"हो."

एवढंच. ती रडली नाही. आजूबाजूला हातोड्या थांबल्या होत्या. ज्या बाईने थट्टा केली होती ती तोंडात पदर कोंबून मातीकडे बघत होती. मुकादम सावलीतून उठून आला, माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, "जा बाई तू. हाजरी मी सांभाळतो." चांगला माणूस असेल. पण त्याच्या तोंडातलं ते वाक्य दोन दिवस आधी कुठे होतं, हे मला आजही कुणाला तरी विचारावंसं वाटतं.

दहाव्याला घर भरलं. फोटो भिंतीवर लावला होता, चंदनाचा हार घालून. येणारा प्रत्येकजण आधी त्याच्यापाशी जाई. "हुबेहूब." "कोट शोभतो बघा." "जरा उजळ पायजे हुता, लेकानंच काळा केला." एकाने मला बाजूला घेऊन त्याच्या आईचा फोटो करायचा आहे असं सांगितलं, आणि बाईला कोट चालत नाही तर शाल घालता का, असं विचारलं. मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार?

आक्का फोटोखाली भिंतीला टेकून बसली होती. दहाव्याला लेकीने रडावं, तिच्या रडण्याने बाकीच्यांना रडू यावं, अशी रीत आहे. बायका तिच्याभोवती येऊन बसल्या, तिच्या गळ्यात हात टाकून सूर लावू लागल्या, आणि ती गप्प राहिली तशा त्याही गप्प झाल्या. चुलीपाशी कुजबुज झाली. "लेकीच्या डोळ्याला टिपूस न्हाई." "पोचवायला बी आली न्हाई म्हनं." मला उठून सांगावंसं वाटलं की बायांनो, ती रडली होती, भर बाजारात रडली होती, तुम्ही सगळ्या तेव्हा हसला होतात. मी उठलो नाही. पत्रावळी वाढायच्या होत्या.

सगळे गेल्यावर मी अंगण झाडून आत आलो. आक्का धान्याच्या डब्यावर उभी होती, फोटोच्या उंचीला. हार तिने एका बाजूला सरकवला होता. कोटाच्या छातीवरचे ते फराटे उघडे पडले होते. तिने त्यांच्यावर आपली बोटं ठेवली, एकेक करून, ज्या त्या फराट्यावर जे ते बोट. सगळी बसली. चेहऱ्याकडे ती बघत नव्हती. मी उतरवलेला मोतीबिंदू, विळ्याचा व्रण, जळलेला रंग, त्यातलं काही तिने पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

बराच वेळ तिने हात तसाच दाबून धरला. मग काढला आणि उजेडाकडे करून तळवा बघितला.

"आता लागत न्हाई रं," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "वाळला."

ती डब्यावरून उतरली, आणि तो कोरडा हात तिने पदराला पुसला.